सात नंबरची फ्लॉपी

१

मी थापा मारतो हे अख्ख्या शिरूर कासारला ठाऊक आहे. आमच्या मळ्यातल्या विहिरीतून एकदा आगगाडीची शिट्टी ऐकू आली, हे मी वीस वर्षं सांगत आलोय आणि लोक मला चहा पाजून ते ऐकत आलेत. म्हणून ही हकीकत मी सांगत नाही, लिहून काढतोय. सांगायला बसलो की माणसं माझ्या मिशीकडे बघतात आणि आधीच हसायला लागतात.

सन दोन हजार. वडिलांच्या किराणा दुकानाचे मी दोन भाग केले. पुढं काचेची केबिन टाकून एसटीडी, मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर, आणि वर पाटी: कल्याण कॉम्प्युटर क्लास. मागच्या भिंतींतून मिरचीचा खाट अजून गेला नव्हता, पोरं की-बोर्डवर शिंकायची. शिकवायला सोमनाथ होता. म्हाळू मेंढक्याचा पोरगा, वय तेवीस, बीडला शिकून आलेला. म्हाळू वारल्यापासून त्याची आई कडूबाई गावाच्या कडेला वीस-पंचवीस मेंढ्या राखून होती. घरात दोघंच.

शिरूरला तेव्हा इंटरनेट नव्हतं. म्हणून दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं सोमनाथ बीडला जायचा. स्टँडजवळ एका कापडदुकानाच्या वर सायबर कॅफे होता, तिथं बसून परदेशातल्या साईटवरून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचा, त्याचे बारा तुकडे करून बारा फ्लॉप्यांवर भरायचा. फ्लॉपी म्हणजे लई नाजूक जात. धूळ, ऊन, एसटीची थरथर, कशानंही आतलं एखादं अक्षर बदलायचं आणि वरून काही कळायचं नाही. फाइलीचं नाव तेच, आकार तोच, आत मात्र दुसरंच काहीतरी. ते पकडायला सोमनाथकडं एक छोटा प्रोग्राम होता. तो अख्खी फाइल चावून बत्तीस अक्षरांची एक ओळ काढून द्यायचा. फाइलीत एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर ती ओळ सगळीच बदलायची. इंग्रजीत तिला चेकसम म्हणतात, आम्ही बेरीज म्हणायचो.

आमची रीत ठरलेली. सोमनाथ बाराही फ्लॉप्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून एकच्या गाडीच्या कंडक्टरकडं, म्हणजे गहिनीनाथकडं द्यायचा आणि मला फोन करून एकेका फ्लॉपीची बेरीज वाचून दाखवायचा. ती मी वहीत उतरवायचो. लाइन खरखरायची, बी आणि डी सारखंच ऐकू यायचं, म्हणून आम्ही अक्षरांना नावं पाडली होती. ए म्हणजे एरंड, बी बकरी, सी सीताफळ, डी डबा, ई इळा आणि एफ फटफटी. "चार, नऊ, बकरी, शून्य, डबा, डबा, एरंड..." असं ते चालायचं. बाहेर फोनसाठी थांबलेली माणसं माझ्याकडं टकामका बघायची.

अडीचला डबा यायचा. मी इथल्या मशीनवर परत बेरजा काढून वहीशी ताडून बघायचो. बरोबर चारला सोमनाथचा फोन. तो एकच विचारायचा, "आप्पा, जुळली का?" मी "जुळली" म्हणलं की मग तो तिथल्या मशीनवरची फाइल पुसायचा आणि पाचची गाडी धरायचा. जुळली हा शब्द कानावर पडल्याशिवाय त्यानं बीड कधी सोडलं नाही.

आता मी मी असल्यामुळं कधीकधी उगाच म्हणायचो, तीन नंबर जुळत नाही रे.  तो हळूच विचारायचा, "आप्पा, गंमत करताय का?" मग मी हसायचो. जुळली बे, निघ.

२

कडूबाईला हे प्रकरण त्यानं एकदा माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. ती दुकानात त्याची भाकरी घेऊन आलती. तो म्हणाला, मेंढी कशी, शंभरात आपलंच कोकरू वासावर ओळखते आणि दुसऱ्याला लाथ मारते, तसं हे मशीन.

कडूबाई म्हणाली, "आन मेंढीचं कोकरू मेलं, की त्येचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो आमी. ती वास घेती आन पाजती. तवा तुझं मशीन काय करंल?"

"मशीनला कातडं कळतं, आई," सोमनाथ हसत म्हणाला.

ती हसली नाही. डबा उचलून तो आत गेला तशी माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात बोलली. सोमनाथला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. हा गेला की वर्षातून दोनदा येणार, मग एकदा, मग पत्र, असं तिनं बोटांवर मोजून दाखवलं. तुमचं ऐकतो तो, काहीतरी करून ठेवून घ्या, म्हणाली. मी बघतो म्हणलं. खरं सांगायचं तर तिनं सांगायची गरज नव्हती. सोमनाथ गेला की माझ्या क्लासात राहणार काय, तीन मशीन आणि मिरचीचा खाट.

३

सोमवारच्या आधीच्या त्या गुरुवारी सगळं नेहमीसारखं झालं. सव्वा एकला बेरजा आल्या, अडीचला डबा आला, साडेतीनपर्यंत मी बाराही ताडून बघितल्या. बाराच्या बारा जुळल्या. वहीत बारा खुणा केल्या.

चारला फोन. "आप्पा, जुळली का?"

मी सातव्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "सात नंबर जुळत न्हाई."

त्याच्या मागं स्टँडवरचा भोंगा गाड्यांची नावं पुकारत होता. तेवढं त्यानं पुकारू दिलं. मग म्हणाला, "आप्पा, गंमत करताय का?"

इथं मी हसायचो. त्या दिवशी हसलो नाही. गंमत नाही म्हणलं, रात्री मित्राकडं मुक्काम कर, सात नंबर परत भर आणि उद्या एकच्या गाडीनं पाठव. माझा बेत एवढाच होता की आज सात नंबर, उद्या नऊ नंबर, परवा आणखी काहीतरी. सोमवार टळला की पुणं टळलं. त्याला काही वाटलं असेल तर ते फोनवर कळलं नाही. "बरं, पाठवतो," म्हणाला.

साडेसहाला पाचची गाडी आली. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गाडीतून सोमनाथ उतरला.

मला वरमल्यासारखं झालं. पोरगं हुशार, माझी थाप ओळखून निघून आलं असणार. तो आत आला, चपला जागेवर काढल्या, खुर्चीवर बसला. मी म्हणालो, "आलास व्हय? आन सात नंबरचं काय?"

"असू द्या. चालतंय की," तो म्हणाला.

एका अक्षरासाठी एकच फ्लॉपी चार वेळा पाठवलेला हा पोरगा. मी त्याच्याकडं नीट बघितलं. मार्च महिना होता. बीडचा तो रस्ता असा, की गाडीतून उतरलेला माणूस भुवयांपर्यंत पांढरा झालेला असतो. त्याच्याबरोबर उतरलेली माणसं बाहेर धोतरं झटकत होती. सोमनाथच्या अंगावर धुळीचा कण नव्हता.

४

शुक्रवारी मागच्या खोलीत सोमनाथ पोरांना शिकवत होता. अडीचला एकची गाडी दारात थांबली आणि गहिनीनाथनं खिडकीतून पिशवी पुढं केली. सोमनाथनं दिलंय म्हणाला.

"कवा?"

"आत्ता, एक वाजता. बीडच्या स्टँडवर उभा हुता."

मी म्हणालो, अरे सोमनाथ आत शिकवतोय, उतरून बघ. गहिनीनाथ हसायला लागला. "आप्पा, मला न्हाई हं बनवायचं," म्हणाला आणि घंटी वाजवली. गाडी गेली. जन्मभर मारलेल्या थापांची ही पहिली शिक्षा.

पिशवीत तसाच स्टीलचा डबा. डब्यात एक फ्लॉपी. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर सोमनाथच्या अक्षरात ७, आणि खाली त्याची नेहमीची आडवी रेघ. ती मी मशीनमध्ये घातली, बेरीज काढली, वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं. बत्तीसच्या बत्तीस जुळली. ती तर कालही जुळलीच होती.

चार वाजता केबिनमधला फोन वाजला. केबिनच्या काचेतून मागच्या खोलीचं दार दिसतं. आत सोमनाथ पाठमोरा फळ्यावर लिहीत होता. खडूचा आवाज मला केबिनपर्यंत येत होता.

"आप्पा, जुळली का?" फोनमधून सोमनाथ म्हणाला. मागं स्टँडचा भोंगा.

माझ्या तोंडून निघालं, "सोमनाथ?"

"बोला की, आप्पा."

खडू थांबला. आतला सोमनाथ वळला, दारात आला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "मला हाक मारली?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते मी कुणाला म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. पण ऐकलं दोघांनी. आतला परत फळ्याकडं वळला. फोनमधला म्हणाला, "बरं. उद्या परत पाठवतो."

मी लोकांना फसवण्यात उमर घालवलेला माणूस. असली करामत कशी करायची ते मला कुणी शिकवायला नको. एक नकलाकार पाहिजे, कंडक्टर सामील पाहिजे, आणि हस्ताक्षराला सोमनाथ स्वतः. पुण्याला जाताजाता पोरगं आपलं उसनं फेडतंय, अशी मी माझी समजूत घातली. मग ताडून बघायचं ठरवलं. शनिवारी फोन आला तेव्हा म्हणालो, सातची बेरीज परत वाच. तो न कंटाळता वाचू लागला. "चार, नऊ, बकरी, शून्य, डबा, डबा, एरंड..." संध्याकाळी घरी निघालेल्या सोमनाथला मी वही दिली, ही ओळ जरा मोठ्यानं वाच म्हणालो.

"चार, नऊ, बी, शून्य, डी, डी, ए," त्यानं वाचलं.

"बकरी म्हण की."

त्यानं वहीत पुन्हा बघितलं. "कोणची बकरी?"

५

सोमवारी तो पुण्याला गेला नाही. कावून न्हाई गेलास, असं मी विचारलं तर म्हणाला, इथं काय कमी हाय. मला पाहिजे होतं ते अगदी तसंच झालं होतं. मी त्याला मेंढ्यांमागं जाऊ दिलं, दुकान बायकोवर सोपवलं आणि दहाच्या गाडीनं बीडला गेलो.

सायबर कॅफेचे मालक मोहनराव ओळखीचे. ते म्हणाले, गुरुवारी तो चार वाजता फोन करून आला, म्हणाला सात नंबर परत भरायची आहे, ती फाइल पुसू नका. मग पाचला गेला. त्यानंतर आलेला नाही. कोपऱ्यातली त्याची मशीन चालू होती. खुर्ची रिकामी. पडद्यावर बारा फाइली ओळीनं दिसत होत्या, कुणी पुसल्या नव्हत्या. मोहनराव म्हणाले, ती मशीन आपण दोनदा बंद करून बघितली, पण सकाळी दुकान उघडलं की चालूच.

पावणेचारला मी खाली आलो आणि स्टँडसमोरच्या फोनच्या टपरीजवळ उभा राहिलो. फोन करायला त्याला इथंच यावं लागणार. ऊन सपाट पडलेलं. रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजत होती. ऊसतोडीहून परतलेली माणसं गाठोड्यांवर डोकी टेकून पडलेली. चार वाजले. टपरीतला फोन कुणी उचलला नाही. मी एकेक तोंड बघितलं. सव्वाचारपर्यंत थांबलो आणि पाचच्या गाडीनं परत आलो. येताना मला हलकं वाटत होतं.

दुकानात माझी बायको शिवगंगा फुरंगटून बसलेली. म्हणाली, दोघं मिळून आता मलाही बनवायला लागलात का. चार वाजता सोमनाथचा फोन आलता. तुम्ही बीडला गेलात असं तिनं सांगितलं.

"मग?"

"तर म्हणतो, ठाऊक हाय काकू, दिसतायत मला. टपरीजवळ पाठमोरे उभे हायत."

६

मंगळवारी मी कडूबाईला बोलावणं धाडलं. ती साडेतीनला आली. सोमनाथ तिला सोडायला आला आणि बाहेर पायरीवरच थांबला. त्याच्या खांद्यावर एक जुनी, विरलेली घोंगडी होती.

कुठून सुरू करावं मला कळेना. मी विचारलं, सोमनाथ बरा आहे ना? ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग जे बोलली ते असं, की गुरुवारी घरी आल्यापासून मेंढ्या त्याला वाड्यात शिरू देत नव्हत्या. तीन दिवस. तो आत गेला की सगळ्या मागच्या काट्यांच्या कुंपणाला जाऊन चिकटायच्या, ओरडायच्या पण नाहीत. काटे टोचून रक्त निघालं तरी पुढं येईनात.

"मग?"

"मग त्येची ल्हानपनची घोंगडी काढली. तिच्यात झोपायचा त्यो. टाकली अंगावर." तिनं माझ्याकडं बघितलं. "आता काय बी न्हाई. आता हातातनं खात्यात."

मला पुढं विचारायचं काही राहिलं नाही. घड्याळात चार वाजले आणि फोन वाजला.

मी तिला केबिनमध्ये नेलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. माझ्या अंगात ते सांगायची धमक नव्हती. एकदा ऐकलं की तीच काय ते सांगेल. हिच्या पोटचा आहे. ही ये म्हणाली तर येईल.

केबिन एवढीशी, त्यामुळं तिच्या कानाशी असलेला आवाज मलाही बारीक ऐकू आला. "आप्पा, जुळली का?"

"मी हाय," कडूबाई म्हणाली.

नंतर तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. भोंगा नव्हता, खरखर नव्हती. तो हळू आणि सलग बोलत होता, आणि ती पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मध्येच एकदा ती हसलीसुद्धा, लेकरू बोबडं बोलल्यावर हसावं तशी. मला वाटलं, ओळखलं तिनं. आता ये म्हणेल.

तेवढ्यात तिचं लक्ष काचेकडं गेलं. पायरीवरचा सोमनाथ उठून काचेशी येऊन उभा राहिला होता. घोंगडी त्यानं डोक्यावरून घेतली होती, ऐन उन्हात. चेहरा नीट दिसत नव्हता. तो काही करत नव्हता. नुसता वाट बघत होता.

कडूबाईनं त्याच्याकडं पुष्कळ वेळ बघितलं. फोनमधला बोलायचा थांबला. त्यानं काहीतरी एकच विचारलं असणार.

"न्हाई जुळत, लेकरा," ती म्हणाली.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि पदरानं पुसला, जसं काही त्याला माती लागली होती. दाराशी जाऊन थांबली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आप्पा, त्यो तर जानारच हुता."

मग बाहेर जाऊन तिनं त्याच्या अंगावरची घोंगडी सारखी केली आणि दोघं मेंढ्यांच्या वाटेनं गेली.

७

याला आता चार वर्षं झाली. सोमनाथचं लग्न झालं, सून संगीता चांगली आहे, घरात एक पोरगी रांगते. तो अंगानं भरलाय. कडूबाई पाटावर बसून नातीला भरवते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून दाखवते. तिला बघून कुणी म्हणणार नाही की या बाईला काही दुःख आहे.

गहिनीनाथ रिटायर झाला. आता दुसरा कंडक्टर पिशवी देतो. फ्लॉप्या बाजारात मिळेनाशा व्हायला लागल्या, क्लासातल्या नव्या मशीनला तर फ्लॉपीची फटसुद्धा नाही. पण सात नंबरची फ्लॉपी रोज येते. चिठ्ठीवर तेच अक्षर, खाली तीच रेघ. जुनी मशीन मी तेवढ्यासाठी ठेवलीय. वडिलांच्या वेळचं धान्याचं कपाट त्या फ्लॉप्यांनी भरलं, आता पोती भरतोय.

मी रोज बेरीज काढतो. रोज बत्तीसच्या बत्तीस अक्षरं जुळतात.

चार वाजले की सोमनाथ शिकवायचं थांबवून केबिनच्या काचेशी येऊन उभा राहतो. मी "न्हाई" म्हणेपर्यंत हलत नाही. म्हणलं, की आत जातो. परवा मी दारातून ऐकलं, तो नव्या पोरांना सांगत होता, बी म्हणजे बकरी, डी म्हणजे डबा. त्याला हे मी शिकवलेलं नाही. वही माझ्या गल्ल्यात कुलपात असते.

काल फोन आला तेव्हा आवाज तोच होता. तेवीस वर्षांच्या पोराचा, बीडच्या भोंग्याआडून. जुळली का, त्यानं विचारलं. न्हाई, मी म्हणालो. रोज तो बरं म्हणून ठेवतो. काल ठेवला नाही. मी काचेतून बघितलं. काचेपलीकडचा माझ्या ओठांकडं बघत होता.

"आप्पा," फोनमधला हळूच म्हणाला, "गंमत करताय का?"

चार वर्षांनी त्यानं हे पुन्हा विचारलं. नुसतं हसलो असतो तरी त्याला कळलं असतं. पाचची गाडी त्यानं धरली असती, साडेसहाला दारात उतरला असता, भुवयांपर्यंत पांढरा.

"न्हाई रे," मी म्हणालो. "गंमत न्हाई."